क्रेनवरचा माणूस

"आता खरी गंमत बघा," असं म्हणून गाईडनं मिटलेली पिवळी छत्री उंच धरली आणि सगळ्यांना गोदीच्या दिशेनं वळवलं.

चालायला लागून दोन तास झाले होते. तेवढ्या वेळात एक बंद पडलेलं कारंजं, दोन पुतळे आणि गाईडच्या मेहुण्याचं चॉकलेटचं दुकान बघून झालं होतं. एकट्या दुकानातच पाऊण तास मोडला. आत्याच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती, पण तिनं तोंडातून ब्र काढला नाही. पत्रकात सगळ्यात शेवटी 'जुनी गोदी' असं छापलं होतं, आणि तिला तेवढंच बघायचं होतं. त्यासाठी भाचीनं तीन वर्षं रजा साठवली होती. त्यासाठीच आत्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली होती.

गोदी कसली! निम्म्या जागेत मोटारी लावलेल्या, उरलेल्या जागेला पत्र्याचं कुंपण. कुंपणापलीकडे एकच क्रेन उरली होती, गंजून लाल झालेली. तिच्या पायावर चारचा आकडा अजून वाचता येत होता.

"हीच का गं?" आत्यानं विचारलं.

भाचीनं मान हलवली. चार नंबरची क्रेन. वेल्डर. सुरक्षेचा पट्टा तुटून अपघाती मृत्यू. कंपनीच्या पत्रात एवढंच होतं. ती तेव्हा दीड वर्षाची होती. बाबा तिला आठवत नव्हते. जे काही माहीत होतं ते आत्याच्या तोंडून. फोटो काढायला म्हणून तिनं फोन हातात घेतला.

गाईडनं कमरेचा छोटा कर्णा चालू केला. "तर मंडळी, या क्रेनवर भूत आहे. कुठूनसा परदेशातून आलेला एक वेल्डर होता. अट्टल पिणारा. एका दुपारी त्यानं पैज लावली, म्हणाला, बाटली हातात धरून पार टोकापर्यंत चालून दाखवतो. आणि गेला की! पैज जिंकला!" गाईडनं बोट वरून खाली आणत लांबलचक शीळ घातली. "बाटली मात्र फुटली नाही म्हणतात."

सगळे खो खो हसले. एका बाईनं तर टाळ्या वाजवल्या.

लोक क्रेनचे फोटो काढायला पांगले, तशी भाची गाईडजवळ गेली.

"तो प्यायलेला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण? तो होय!" गाईडनं कर्णा बंद केला. "अहो, गोष्ट आहे ती. माझ्या आधीचा गाईड प्रेमभंग झाला म्हणून सांगायचा. लोक जांभया द्यायचे. बाटली मी घातली."

"आणि त्याचं नाव?"

"नाव कशाला हवंय? भुताला बिननावाचंच ठेवावं. जास्त चालतं."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण ती परत फिरली.

"काय म्हणत होता?" आत्यानं विचारलं. तिला गाईडची भाषा कळत नव्हती.

"म्हणाला... इथं एक फार चांगला वेल्डर होता. लोक अजून आठवण काढतात."

आत्यानं ते ऐकून घेतलं.

"मग हसले का गं सगळे?"

भाचीनं खाली मान घातली. आत्यानं स्वेटरची वरची दोन बटणं लावली आणि सरळ गाईडपुढं जाऊन उभी राहिली. त्याच्या खांद्याएवढीसुद्धा नव्हती ती.

"माझा धाकटा भाऊ होता तो," ती मराठीतच म्हणाली. तिनं बोट क्रेनकडे केलं, मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं त्याला. एकतीस वर्षांचा होता."

गाईडनं भाचीकडे पाहिलं. भाचीनं नजर हातातल्या फोनवर वळवली. तेवढ्यात त्याला आपल्या परीनं उलगडा झाला.

"हां, हां! का नाही, का नाही!" म्हणत त्यानं भाचीच्या हातातला फोन घेतला. दोघींना खांद्याला धरून कुंपणाशी शेजारी शेजारी उभं केलं आणि चार पावलं मागं सरकला.

आत्या ठेवली तशी उभी राहिली, दोन्ही हात खाली सरळ सोडून.

"हसा!" गाईड ओरडला.

आत्या हसली नाही. भाचीचे ओठ मात्र सवयीनं फाकले, आणि फोटो निघाला.