ग्रहणातल्या सुया

मोहिनीच्या कपाळावर, मनगटांवर आणि पावलांवर सुया होत्या आणि तिला छान गुंगी आली होती. टोचताना मुंगी चावल्यासारखं झालं, तेवढंच. मग अंग हलकं होत गेलं. मेहरूण तलावावरच्या वाऱ्यानं खिडकीचा पडदा फुगत होता, बसत होता. अर्धवट झोपेत तिला वाटलं, आपण सावद्याच्या मळ्यात केळीखाली आडव्या पडलोय, वर रुंद पानं हलतायत आणि सगळीकडे हिरवा उजेड आहे. कुणी काही विचारत नाहीये. ते सगळ्यात बरं होतं.

काल दवाखान्यात तिच्या पोटात गर्भ सोडला होता. तिसऱ्यांदा. आधीचे रुजले नव्हते, आणि नवरा, हितेंद्र, म्हणाला होता, आता ही शेवटची वेळ, तुझे हाल बघवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी ॲक्युपंक्चरला पाठवलं, तेही हातचं राखून. "यानं गर्भ राहीलच असं नाही. पण जीव थाऱ्यावर राहतो, झोप लागते." मोहिनीला तेवढं पुष्कळ होतं. तिचा जीव हल्ली फक्त या टेबलावरच थाऱ्यावर असायचा.

तिच्या सासूबाई, बेबाबाई, बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. पैसे देऊन अंगात सुया टोचून घ्यायच्या हे त्यांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. पण सून निघाली की त्या पिशवी घेऊन सोबत निघत, आणि जाताना गप्प, येताना गप्प. त्या गप्पपणाचा अर्थ मोहिनी आपल्या मनानं लावायची. मन चिंती ते वैरी न चिंती.

दार उघडलं आणि बेबाबाई चपलांसकट आत आल्या.

"काढ वं बाई त्या सुया. साऱ्या काढ."

सुया लावणारी ऋतिका खुर्चीवरून उठली. "आजी, थोडाच वेळ राहिलाय. काय झालं?"

"चंद्र निघू राह्यला तलावावर. गिऱ्हान घेऊनच निघू राह्यला."

मोहिनीची गुंगी खाडकन उतरली. मान हलवायची सोय नव्हती, म्हणून ती छताकडे बघतच बोलली. "आई, तुम्ही बाहेर बसा बरं. आज अर्ध्यात सोडलं अन् उद्या काही बिघडलं, तर जन्मभर हेच माझ्या डोक्यात राहील."

बेबाबाई टेबलापाशी आल्या. सुयांना हात लावायचा त्यांना धीर झाला नाही. आवाज मात्र खाली आला.

"तुले कोन नाही म्हनते? उद्या घे, परवा घे. पन दोन जिवाच्या बाईले गिऱ्हानात सुई लागू देतात का वं कुठी?"



डॉक्टरीणबाई म्हणायच्या, रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या. हितेंद्र म्हणायचा, बघू. मोहिनी स्वतः तर मनातसुद्धा काही म्हणत नसे. आधी म्हणून बसली होती आणि पोळली होती. आणि ही बाई, रिपोर्ट नाही की बिपोर्ट नाही, सरळ दोन जिवाची म्हणून मोकळी झाली. गर्भ पोटात गेला म्हणजे सून पोटुशी, एवढं सोपं होतं ते तिच्या लेखी. कालपासून ती तेच धरून बाहेर बसली होती. मोहिनीला रडू फुटलं. कपाळात सुई होती, त्यामुळे धड रडताही येईना.

"काढा मॅडम," ती म्हणाली.

ऋतिकानं सुया काढून डबीत टाकल्या. मग ती डबी तिनं खोलीबाहेर नेऊन ठेवली. तेवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बेबाबाईंनी पडदा ओढला आणि त्याचे कोपरे खिडकीच्या गजांत खोचले. खोलीत निळसर अंधार झाला.

"पडून राह्य तशीच, गिऱ्हान सुटेपर्यंत. हातपाय आखडू नको. अन् अंग खाजवू नको, लेकराच्या अंगावर डाग येतात."

मोहिनी सरळ पडून राहिली. बाहेर भेळवाल्याची घंटी वाजत वाजत लांब गेली. सुया नव्हत्या, तरी अंग पुन्हा हलकं व्हायला लागलं. डोळ्यांतलं पाणी गालावर सुकत आलं होतं आणि तिथं चुणचुणत होतं. तिनं हात उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि परत खाली ठेवला.

"आई, गालाला खाज सुटली."

बेबाबाई वाकल्या आणि तिच्या गालावर हळूहळू फुंकर घालत राहिल्या.