खाली

“पैज लावतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” सूर्यकांतकाकांनी चहाचा कप बाकावर टेकवला. “एका शब्दानं सहा माणसं मेली. मी गाडीत होतो, साहेबांच्या शेजारी.”

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या बागेत रविवारची मराठी मंडळी जमली होती. कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेली क्षिप्रा म्हणाली, “काका, मागच्या रविवारी यमुनेत मगर होती.”

“होतीच! मी तिला ब्रेड घातलाय. आता ऐक.”

हेरंब साहेब म्हणजे गुरुग्राममधली बडी असामी, मूळचे पुण्याचे. रिटायर झाल्यावर काका त्यांचं टॅक्सचं काम बघत. त्या वर्षी एक योजना निघाली. गरीब वस्तीत कारखाना काढा, दहा वर्षं नफ्यावर टॅक्स माफ. अट एकच, एकतीस मार्चच्या आत काम सुरू झालेलं दिसलं पाहिजे. साहेबांनी मानेसरच्या पलीकडे एका वस्तीत जुनं गोदाम घेतलं. ते पाडायचं आणि कारखाना उभा करायचा.

चौकीदार होता अंबादास. तो पहाडगंजच्या गणपतीत सापडला. गर्दीत त्याचा पाय साहेबांच्या पायावर पडला, आणि हा म्हणाला, ‘चुकलं बगा मालक.’ मराठी ऐकून साहेब विरघळलेच. जागच्या जागी नोकरी दिली, वर दम दिला, ‘माझ्याशी हिंदी बोललास तर पगार कापीन!’

मंडळी हसली. काकाही हसले.

गोदामाला तळघर होतं. रात्रपाळीचे मजूर दिवसा तिथे झोपायला येत. वस्तीतल्या पत्र्यांवर मार्चमध्येच पापड भाजून निघायचे, तळघर मात्र गार. साहेबांनी त्यांना दोनदा हाकललं. ते परत यायचे.

एकतीस तारखेला दुपारी जेसीबी आला. भिंत पडतानाचा फोटो हवा होता, त्याच दिवसाचा. आणि सूर्य तर उतरायला लागलेला. साहेबांनी गाडीतूनच अंबादासला फोन करून आत बघायला पाठवलं.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. जेसीबीची घरघर, आणि तिच्यातून एकच शब्द ऐकू आला. ‘खाली! खाली!’ मग लाईन तुटली.

“आता गंमत बघा,” काका पुढे सरकले. “आपल्याकडे खाली म्हणजे तळाला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. तो सांगत होता, माणसं तळघरात आहेत. साहेबांना वाटलं, गोदाम रिकामं आहे. काच उतरवून त्यांनी जेसीबीच्या ड्रायव्हरला सांगितलं, ‘खाली है, गिरा दो।’”

आता कुणी हसलं नाही.

“आणि अंबादास?” क्षिप्रानं विचारलं.

“झोपलेल्यांना उठवायला उतरला होता. सहावा तोच.”

चौकशीत शब्दाचा घोटाळा ठरला. चौकीदाराला धड हिंदी येत नव्हती, त्यामुळे गैरसमज झाला, अशी जबानी काकांनीच दिली. काम वेळेत सुरू झालं होतं, सवलत मिळाली. अंबादासच्या बायकोला, पार्वतीला, दमडी मिळाली नाही. चूक तिच्या नवऱ्याची होती. तिनं आता पुन्हा अर्ज केलाय. उद्या सुनावणी. काकांना साक्षीला बोलावलंय.

“उद्याही हेच सांगणार?” क्षिप्रानं विचारलं.

“जे झालं तेच सांगणार ना, बेटा. साहेबांचा काय दोष? त्या बिचाऱ्याचाही नाही. दोष भाषेचा.” काकांनी कप उचलला. चहा केव्हाच गार झाला होता. “बोला, बसला का कुणाचा विश्वास?”

क्षिप्रानं पुस्तक मिटलं.

“मगर मानली मी, काका. हे खोटं आहे. ‘हिंदी बोललास तर पगार कापीन’ असं कोण म्हणालं होतं?”