बायकोचे राहिलेले रिटर्न

संसारात पारदर्शकता हवी, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून बायको आंघोळीला गेली की तो तिचा फोन तपासायचा.

परदेशात आल्यापासून तिने एक पैसा कमावला नव्हता. आणि आता अचानक, सगळ्या वर्षांचे राहिलेले टॅक्स रिटर्न भरायचेच, असा तिने हट्ट धरला होता.

"कमाई शून्य, तर रिटर्न कसले भरतेस?"

"शून्य आहे, हेही कळवावं लागतं."

"इतकी वर्षं नाही सुचलं ते! कुणी भरवलंय डोक्यात?"

ती नुसती हसली. फोनमध्ये त्याच्या आईच्या कॉलशिवाय काहीच सापडलं नाही. इतका स्वच्छ फोन त्याला पटेना. स्वतःच्या नावाचे कागद जमवणारी बायको दुसरं काय करणार?

शेवटचा रिटर्न गेला त्या संध्याकाळी त्याला राहवेना. "वेगळी होणार आहेस का? काय ते सरळ सांग."

"वेडा आहेस का? आई मागे लागल्या होत्या. सुनेचे रिटर्न राहिलेत म्हणून त्यांना इकडे आणता येत नाही, असं तू दरवर्षी सांगतोस म्हणे. त्यांना वाटलं, मला जमत नसेल. रोज दुपारी फोन करून धीर द्यायच्या बिचाऱ्या."

त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मग... तू काय सांगितलंस?"

"झाले म्हणून सांगितलं."

आईने राहतं घर सोडत असल्याचं दुपारीच घरमालकाला कळवलं होतं.