पिवळ्या काठाची पट्टी

आशियाई क्लब फुटबॉलच्या पात्रता फेरीतला शेवटचा सामना मोबाईलवर लावून वासुकी तंजावरच्या घरात कात्री घेऊन बसली होती. लेक साईप्रिया नडगीचं पॅड बांधायची ते आईच्या जुन्या साडीच्या पट्टीनेच. दर सामन्याला नवी. आज जिंकल्या की पोरी मुख्य स्पर्धेत, म्हणजे पट्ट्या हव्यातच! तेवढ्यात पडद्यावर साईप्रिया कोसळली. डॉक्टरीणबाईंनी मोजा कापला, तशी पिवळ्या काठाची पट्टी गवतावर पडली. स्ट्रेचर गेलं, खेळ चालूच राहिला. शेवटी संघ जिंकला. शेजारच्या मामी साखर घेऊन आल्या. वासुकीची कात्री अर्ध्यावरच थांबली होती. संध्याकाळी फोन आला. "आई, गुडघा गेला गं. वर्षभर खेळ नाही." वासुकी अर्धी कापलेली साडी घडी घालू लागली. "पट्ट्या कापल्यास?" लेकीने विचारलं. "आता कशाला, बाळा?" "माझ्या जागी दिव्यश्री खेळेल. तिची पोटरी जाड आहे, चार बोटं लांब काप."