आई खाली येतेय

“आई खाली येतेय!” वर हिमनदीपाशी पहाऱ्यावर गेलेला नवरा फोनवर एवढंच ओरडला आणि फोन कट झाला.

सकाळपासून आत-बाहेर करणाऱ्या देचेनचा जीव भांड्यात पडला. बाळंतपणाला तिची आई आज वरच्या गावाहून नदीकाठच्या वाटेनं येणार होती. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि सासूला आनंदानं सांगितलं.

लोकर पिंजणाऱ्या सासूचे हात थांबले. “तो ‘आई’ म्हणाला?”

बर्फ वितळून दरवर्षी फुगणाऱ्या वरच्या तळ्याला गाव ‘आई’ म्हणायचं. ते फुटेल, असं तोंडातून काढायचंच नाही. ‘खाली येईल’ म्हणायचं. नवी सून विसरलीच होती.

सासूनं तिला दंडाला धरून उठवलं. “तुझ्या आईला तो मावशी म्हणतो. टेकडीवर चल, पोरी!”

देचेन उंबऱ्यातच थिजली. “मग माझी आई?”