कोपऱ्यावरचा आवाज

गौसभाई मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं घट्ट दाबून धरलं आणि खालूनच ओरडले, "मारा स्टार्टर!"

धैर्यशीलनं चावी फिरवली. इंजिन गुदमरलं, आचके दिले आणि बंद पडलं.

"पाइप कुठं फुटलेला न्हाय," गौसभाई म्हणाले. "फुटला असता तर तिथनं हवा सुटली असती." मग ते गाडीखाली सरकले आणि सायलेन्सरच्या डब्यावर हातोडीचा दांडा आपटून बघितला. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला. डब्याच्या पोटावर वेल्डिंगचा जुना व्रण होता. "पावणं, ह्यो बिघाड न्हवं. आवाज मोठा व्हावा म्हणून डबा फाडून आतलं सगळं मुद्दाम काढून टाकलंय. ही सम्राटची गाडी न्हवं का?"

धैर्यशीलच्या तोंडाला कडू चव आली. आवाज नुसता बिघाडाचा निघावा, एवढ्या आशेनं तो बायकोला न सांगता गाडी घेऊन उद्यमनगरातल्या या गॅरेजात आला होता. आणि इथंही तो माणूस त्याच्या आधी येऊन गेला होता.

सम्राट म्हणजे संयोगिताचा पहिला नवरा. कावीळ होऊन गेला. पुढं धैर्यशीलनं तिच्याशी लग्न केलं आणि गडमुडशिंगीला तिच्याच घरात राहायला आला. घर सम्राटचं, पलंग सम्राटचा, गाडी सम्राटची. भिंतीवरचा फोटो तेवढा तिनं लग्नाआधीच उतरवला होता. आपलं मन दुखू नये म्हणून उतरवला असणार, उतरवताना किती रडली असेल, असं धैर्यशीलला वाटायचं. भिंतीवरची ती रिकामी जागा त्याला फोटोपेक्षा जास्त छळायची.

पण खरा काटा होता तो गाडीचा आवाज. संध्याकाळी फौंड्रीतनं सुटून तो गावात शिरला की गल्ली दणाणून जायची. समोरची बनाबाई ओट्यावरनं म्हणायची, "आवाज ऐकला की वाटतंय, आमचा सम्राटच आला. राजा माणूस हुता!" तो दारात पोचेपर्यंत संयोगिता उंबऱ्यात उभी असायची. पदर नीट, हातात पाण्याचा तांब्या, नजर खाली, चेहरा पांढराफटक. ती आपल्याला सामोरी येत नाही, त्या आवाजाला येते, हे त्यानं केव्हाच ओळखलं होतं. जिवंत माणूस असता तर कॉलर धरून विचारलं असतं. मेलेल्याशी भांडायचं कसं? आवाज काढून टाकूया, असं तिला म्हणायला जीभ रेटत नव्हती. ती नको म्हणाली असती तर?

"त्यानं असं का केलं?" धैर्यशीलनं विचारलं.

"माझ्याकडंच आलता. मी न्हाय म्हटलं, मग दुसरीकडनं करून घेतलं." गौसभाई हात पुसत उठले. "म्हणायचा, मी कोपऱ्यावर आलो की घरात बायकोला कळलं पायजे."

धैर्यशीलच्या छातीत निखारा पडला. बायकोवर इतका जीव! आपल्याला असलं काही जन्मात सुचलं नसतं.

"काढून टाका. नवा बसवा. आत्ताच्या आत्ता."

"वहिनींना इचारलंय न्हवं?"

"मी सांगतोय की!"

संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली ती मांजराच्या पावलांनी. बनाबाईनं मानसुद्धा वर केली नाही. उंबऱ्यात कोणी नव्हतं. धैर्यशीलला जिंकल्यासारखं वाटलं, पण ते दारापर्यंतच टिकलं. आतनं गाणं ऐकू येत होतं. संयोगिता पाठमोरी बसून मेथी निवडत होती आणि स्वतःशीच गात होती. लग्न झाल्यापासनं त्यानं तिला गाताना ऐकलं नव्हतं. म्हणजे आपण घरात नसलो की ही गाते. त्याच्या आठवणीत गाते.

तिनं वळून बघितलं आणि दचकून उभी राहिली. मांडीवरची भाजी सांडली.

"कवा आलासा? गाडी कुठं हाय?"

"दारातच हाय. आवाज काढून टाकला. तुला न विचारता."

ती अनवाणी बाहेर गेली, गाडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत जाऊन या बघू."

तो गेला आणि परत आला. ती पायरीवर बसली होती. तोंडावर पदर दाबून हुंदके देत होती. इतके दिवस जळणारं त्याचं मन एकदम विझलं. आपण एका बाईजवळची शेवटची खूण पुसून टाकली, असं वाटून त्याला शरम आली. तो तिच्याशेजारी बसला.

"चुकलं माझं. जुना डबा गॅरेजातच हाय. उद्या परत बसवून आणतो."

तिनं झटक्यात त्याचं मनगट धरलं. "नको! तुमच्या पाया पडते." मग आवाज खाली आणून, बनाबाईच्या ओट्याकडं बघत म्हणाली, "तुमास्नी आवडतोय, असं समजून गप बसले मी. त्यो आवाज कोपऱ्यावर आला की लाटणं, पक्कड, उलथनं, त्याच्या हाताला लागंल असलं सगळं मी लपवून ठेवत हुते. अजूनबी ठेवते."