एकोणीस कुंड्या

जिरेनियमच्या सगळ्यात खालच्या पानामागे तिनं लाल शाईचा बारीक ठिपका दिला होता. आज तो नव्हता. कुंडी तीच होती, काठावरचा टवकाही तोच. ठिपका तेवढा गेला होता. तिनं उरलेली पानंही एकेक करून उलटून पाहिली. मग झारी भरून आणली आणि रोजच्यासारखं पाणी घातलं.

छापखान्यात प्रुफं तपासण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. ओळीतला एक अनुस्वार हलला तरी तिला टोचायचा. आधी मोगरा बुटका वाटला होता. मग कोरफडीचं मोडकं पान एका दिवसात धड झालं. पानं अशी दुरुस्त होत नसतात. भावाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, मोगरा चोरायला कोण येतंय? जरा झोप काढ."

आईला जाऊन चार महिने झाले होते. बाल्कनी एवढीशी, की दोघींना उभं राहायचं तर एकीनं दारातच थांबायचं. त्यात आईनं एकोणीस झाडं बसवली होती. जुन्या कुकरात, तेलाच्या डब्यांत, कपाटाच्या मोडक्या खणात, कठड्याला तारेनं बांधलेल्या बाटल्यांत. या सगळ्यांना घरात कुंड्याच म्हणायचे. आई गेली त्या आठवड्यात तिनं मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. यातलं एकही मरू द्यायचं नाही. सकाळी कामावर जाताना ती प्रत्येकाला भरपूर पाणी घालायची, संध्याकाळी आल्यावर पुन्हा. एकोणीसच्या एकोणीस हिरवी होती. घरी कुणी आलं की बसायच्याही आधी ती त्यांना बाल्कनी दाखवायची.

घराची दुसरी किल्ली समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे होती, आईच्या आजारपणापासून. ती परत मागितली तेव्हा काकू म्हणाल्या, "असू दे गं. एखाद दिवशी तू विसरलीस म्हणजे?" ती आजवर कधीच विसरली नव्हती.

ठिपका गेला त्याच संध्याकाळी तिनं काकूंचं दार वाजवलं.

"काकू, मोगरा लहान दिसतोय."

काकूंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला. "मीच छाटला. वेडावाकडा वाढला होता."

"मला न विचारता?"

"त्याला विचारलं की." काकू एकट्याच हसल्या.

त्यांच्या खांद्यावरून तिला शिलाई मशीनमागची खिडकी दिसली. खिडकीत खालपासून वरपर्यंत हिरवं काहीतरी होतं. तिची नजर तिथं गेली तशी काकू दार लोटू लागल्या. "ब्लाउज द्यायचेत गं आज. उद्या बोलू."

त्या दिवसापासून तिला सगळं दिसायला लागलं. बाल्कनीतल्या फरशीवर मातीचा कण. बंद केलेल्या कडीचा बदललेला कोन. आईनं वाढवलेली झाडं काकूंच्या खिडकीत, आणि इथं कुठलीतरी आणलेली रोपटी. आईच्या उशाशी बसणारी हीच बाई. आणि आपण तिला किल्ली दिली.

बुधवारी तिनं अर्धी रजा टाकली. अकराच्या सुमारास जिना चढून आली, तर दाराला कुलूप नव्हतं. चपला हातात घेऊन ती आत गेली. बाल्कनीत काकू गुडघे टेकून बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर आईचा गुलाब उपटून आडवा टाकलेला. शेजारच्या पिशवीतून दुसरा गुलाब डोकावत होता.

"चला, एकदाचं दिसलं," ती म्हणाली. "किती नेलीत आजवर?"

काकू दचकल्या नाहीत. त्यांनी उपटलेल्या गुलाबाचं मूळ दोन बोटांत धरून ओढलं. साल सटकून हातात आली. काळी, बुळबुळीत. कुबट वास पार दारापर्यंत आला.

"हा गेला. आणखी चार दिवसांनी तुला कळलं असतं."

"काय घातलंत तुम्ही त्याला?"

"मी? दिवसातून दोनदा कोण घालतंय?"

तिनं कठड्याजवळच्या झारीकडे पाहिलं. सकाळी तिनंच ती तीनदा भरली होती.

"आणि हा?" तिनं पिशवीकडे बोट केलं.

"त्याचंच पोर. तुझ्या आईनं दवाखान्यात जायच्या आधी सगळ्यांच्या फांद्या कापून दिल्या मला. अंथरुणात बसून कापल्या. म्हणाली, लाव तुझ्या खिडकीत, आमच्या बाईसाहेबांच्या हातात झारी गेली की कोरफडसुद्धा पोहायला शिकेल." काकूंनी कुकरातली ओली माती खरवडून काढली. "हा बारावा."

ती दारातच खाली बसली. एकोणीसमधून बारा वजा करायला तिला वेळ लागला.

"मग मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "पाणी कमी घाल, एवढंच सांगायचं. चोरासारखं कशाला यायचं?"

"मीही तेच म्हणाले तुझ्या आईला. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तू औषधं आणायला खाली गेली होतीस तेव्हा." काकूंनी नवा गुलाब कुकरात उभा केला. माती दाबताना त्या वर बघत नव्हत्या. "डॉक्टरांनी तिचं तोंडानं पाणी बंद केलं होतं ना. मला म्हणाली, 'मी दिवसभर पाणी मागते आणि पोरीला दर वेळी नाही म्हणावं लागतं. मी गेल्यावर ती झाडांना घालेल तेवढं घालू दे. तू तिला नाही म्हणू नकोस.'"